हिहिफोच्या बाकावर

सावेलिनाला ओळखत नाही असा माणूस प्रशांत महासागरातल्या वॉलिस बेटावर शोधून सापडला नसता. ती स्कूटरवरून निघाली की अंगणात चटया विणत बसलेल्या म्हाताऱ्या मान वर करून हाक मारायच्या, आणि संध्याकाळी कावा, म्हणजे मुळांचा गुंगी आणणारा रस, प्यायला जमलेल्या पुरुषांत व्हॉलीबॉलचा विषय निघाला की गाडी फिरून तिच्यावरच यायची. तशी ती बुटकी. नेटवरून उंच उडून बॉल खाली हाणणाऱ्या धिप्पाड मुलींमध्ये ती हरवून जायची. पण त्या मुलींना बॉल उचलून देणारी तीच. ती सेटर होती. समोरच्या संघाला वाटायचं बॉल पुढे जाणार, आणि तो तिच्या डोक्यावरून मागे गेलेला असायचा. फिजीच्या राजधानीत, सुवाला झालेल्या अंतिम सामन्यात तिने तिथल्या मुलींना असं काही नाचवलं होतं, की तिकडच्या प्रेक्षकांनीही शेवटी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ती परतली तेव्हा विमानतळावर फुलांच्या इतक्या माळा गळ्यात पडल्या की तिला समोरचं दिसेना.

पुढे एका पावसाळी दुपारी, गावातल्याच सिमेंटच्या मैदानावर, कुणी विचारायलाही आलं नसतं अशा एका सरावात तिचा पाय घसरला आणि गुडघा गेला. न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ शहरात जाऊन शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी चालता येईल म्हणून सांगितलं. उडी मारता येईल का, हे तिने विचारलंच नाही.

सावेलिनाचं लग्न झालं नव्हतं. एक जमलं होतं, पण तो माणूस निकेलच्या खाणीत कामाला नूमेआला गेला आणि तिकडचाच झाला. गुडघा बांधून ती घरी पडून होती तेव्हा तिचा मोठा भाऊ सोसेफो आला. त्याच्या घरात मुलांचं लेंढार होतं. त्यातली धाकटी असेला, नुकती चालायला लागलेली, त्याने बहिणीच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "ही तुझी." बेटावर यात नवल कुणाला वाटलं नाही. बापाच्या बहिणीचा मान आईच्याही वर. तिने मूल मागावं आणि भावाने नाही म्हणावं असं होत नाही. इथे तर तिने मागितलंही नव्हतं.

अशी सावेलिना एकाच वर्षात आत्याची आई झाली आणि खेळाडूची कोच झाली. बेटाच्या दक्षिणेकडच्या, तिच्याच मुआ भागातल्या मुलींचा संघ तिने हातात घेतला तेव्हा त्यांच्याकडे धड नेट नव्हतं. मासेमारीच्या जाळ्याची दोरी ओवून ते ताणावं लागे. ती कडक होती. उशिरा आलेल्या मुलीला ती काही बोलायची नाही. नुसती तिच्याकडे बघत उभी राहायची, आणि ते मुलींना शिव्यांपेक्षा जड जायचं. पण कुणाच्या घरी आजारपण असलं तर पहिली पोचणारीही तीच. मुआच्या मुली हळूहळू बेटावर जिंकायला लागल्या आणि मग जिंकतच राहिल्या. उत्तरेकडच्या हिहिफोचा संघ दरवर्षी चौदा जुलैच्या, फ्रेंच राष्ट्रीय दिनाच्या उत्सवात त्यांच्याकडून हरून जायचा, आणि मुआच्या बायका मैदानाच्या कडेला नाचून त्यांना चिडवायच्या.

असेला मैदानाच्या कडेलाच वाढली. हात बॉलला पुरे पडायच्या आधीच ती बॉल बोटांवर झेलायला शिकली. सावेलिना तिला जेवताना शिकवायची, चर्चमधून येताना शिकवायची, तारोचे कंद सोलताना हातातली सुरी थांबवून मनगट कसं वळायला हवं ते दाखवायची. सोळाव्या वर्षी असेला मुआची सेटर झाली. आत्याहून हातभर उंच, आणि बोटं तशीच मऊ. लोक म्हणायला लागले, सावेलिना पुन्हा खेळायला लागली.

त्याच सुमाराला सावेलिनाच्या एक गोष्ट लक्षात आली. असेला बॉल मागे टाकणार असली की त्याआधी तिची हनुवटी जराशी खाली यायची. किंचितच. बेटावर ते ओळखणारा डोळा दुसरा नव्हता. आज सांगू, उद्या सांगू, असं सावेलिनाने स्वतःला बजावलं. पण संघ जिंकत होता, आणि तिने सांगितलं नाही.

ताहिती बेटावर सगळ्या बेटांच्या खेळांच्या स्पर्धा ठरल्या तेव्हा असेला बावीस वर्षांची होती आणि संघाची कॅप्टन होती. वॉलिसच्या मुलींचा संघ सावेलिनाच घेऊन जाणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. संघातल्या निम्म्याहून अधिक मुली तिच्याच हाताखालच्या. तेवढ्यात मिकाएले आला. त्याचे आईबाप वॉलिसचे, तो मात्र नूमेआत वाढला होता आणि फ्रान्समध्ये काही वर्षं खेळून आला होता. देखणा, बोलण्यात गोड. तो मुलींचे खेळ मोबाईलवर टिपायचा आणि त्यांचाच खेळ त्यांना थांबवून थांबवून दाखवायचा. तो सुट्टीवर आलाय असं सांगत होता. त्याने सरावाला येऊ का म्हणून विचारलं, तेव्हा सावेलिनानेच त्याला खुर्ची दिली. आपल्या गावाकडचं पोर, चार नव्या गोष्टी शिकवेल, असं तिला वाटलं. मुली त्याच्याभोवती जमायच्या, हसायच्या. असेला सर्वांत पुढे. सावेलिनाला त्यातही बरंच वाटलं.

निवडीच्या आधी लाफाएलेने तिला बोलावलं. लाफाएले खेळांच्या समितीचा प्रमुख, आणि शाळेत तिच्याच बाकावर बसलेला. लहानपणी त्याच्या वाटणीचा मार तिने खाल्लेला. कावाच्या घरात गावातले सगळे मोठे पुरुष बसले होते. सोसेफोही होता, खांबाला टेकून, चटईकडे बघत. लाफाएलेने आधी लांबलचक स्तुती केली. सुवाचा सामना काढला, तिचा गुडघा काढला, तिने घडवलेल्या मुलींची नावं घेतली. मग त्याने सांगितलं की काळ बदलला, ताहितीचे, न्यू कॅलेडोनियाचे संघ आता शास्त्र शिकून येतात, तेव्हा संघाचा कोच मिकाएले असेल.

"आणि तूही येणार आहेस," तो म्हणाला. "तुझ्यावाचून कसं होईल? मुलींची आई म्हणून ये. त्यांचं जेवण, चटया, कपडे. तुझ्याइतकं मायेनं कोण बघणार?"

सावेलिनाने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. कुणी डोळा भिडवेना.

"हे ठरवलं कुणी?" तिने विचारलं.

"सगळ्यांनी मिळून."

"मुलींना विचारलंत?"

लाफाएलेने कावाची वाटी उचलली आणि न पिता खाली ठेवली. "कॅप्टनला विचारलं, सावे. तिच्याशी बोलूनच ठरवलंय. तिचं मत पडलं नसतं तर मी हे होऊ दिलं नसतं."

त्या क्षणी सोसेफोने मान आणखी खाली घातली, आणि भावालाही हे माहीत होतं हे सावेलिनाला कळलं. ती उठली. पुरुषांच्या बैठकीतून उठताना वाकून जायची रीत आहे. ती वाकून गेली. बाहेर आल्यावर स्कूटरची किल्ली तिच्या हातात असूनही ती बराच वेळ कमरेच्या गाठीत चाचपत राहिली.

असेला घरी होती. कपडे वाळत घालत होती. आत्याचा चेहरा बघून तिने चिमटे टोपलीत टाकले.

"तू काय सांगितलंस त्यांना?" सावेलिनाने विचारलं.

"खरं तेच सांगितलं. तू शिकवलेलं मला सगळं येतं. मला पुढचं शिकायचंय."

"मग मला सांगायचंस. याच अंगणात. मी काय तुला खाल्लं असतं?"

असेला इतक्या हळू बोलली की ऐकायला सावेलिनाला पुढे व्हावं लागलं. "आत्या, मी जेवते तरी तू कोच, झोपते तरी तू कोच. चर्चमध्ये प्रार्थनेला हात जोडले तरी तू माझी बोटं बघतेस. मला एकदा तुझ्याशिवाय खेळून बघायचं होतं. तुझ्यासमोर हे बोलणं मला जमलंच नसतं."

"म्हणून माझ्यामागे बोललीस."

"हो," असेला म्हणाली.

सावेलिनाला ओरडता आलं असतं. तिला वाटत होतं की पोरीने काहीतरी खोटं सांगावं, मिकाएलेने फसवलं म्हणावं, लाफाएलेने दम दिला म्हणावं. पण असेला खरंच बोलत होती, आणि त्या खऱ्यापुढे सावेलिनाला उभं राहायलाही जागा उरली नव्हती. ती आत गेली. दुसऱ्या दिवशी असेला आपली चटई उचलून बापाच्या घरी राहायला गेली.

मिकाएलेने मुआचा संघही हातात घेतला, कारण ताहितीला जाण्याआधी चौदा जुलैचा सामना होता आणि मुलींची निवड त्यावरच ठरायची होती. सावेलिना घरात बसून राहिली. सराव सुरू झाला की मैदानावरचा आवाज तिच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. कुठली मुलगी चुकली हे तिला आवाजावरून कळायचं. त्या मुली रोज तिच्या दारावरूनच जायच्या. आधी मान खाली घालून जायच्या, मग पलीकडच्या पायवाटेने जायला लागल्या. त्यातली एकही आत आली नाही. ज्यांच्या आयांच्या बाळंतपणात ती रात्रंदिवस बसली होती त्याही नाहीत.

अशात एका सकाळी हिहिफोची विटोलिना तिच्या दारात उतरली. विटोलिना जाडजूड, मोठ्या आवाजाची म्हातारी. हिहिफोच्या संघाचं सगळं तिच्या हातात. आयुष्यभर दोघी एकमेकींच्या विरुद्ध बाकावर बसलेल्या. तिने याम कंदांची टोपली आत ठेवली, बसली, आणि आडवळण न घेता म्हणाली, "त्यांना तू नकोस. मला हवीस. माझ्या पोरी हरून हरून माझ्यासारख्या म्हाताऱ्या झाल्यात."

"गाव मला दारात उभं करणार नाही, विटोलिनाबाई."

"आत्ता काय मांडीवर घेतलंय?"

सावेलिना हसली. कित्येक दिवसांनी हसली. आणि ते हसू ओसरायच्या आत हो म्हणून बसली.

मुआत ही बातमी चर्चच्या घंटेसारखी फिरली. सोसेफो अंगणात आला, आत आला नाही. बेटावर भाऊ बहिणीला उलट बोलत नाही, म्हणून तो झाडाकडे बघून बोलला. आपल्या घराण्यातलं कुणी हिहिफोच्या बाकावर बसलेलं आजवर कुणी पाहिलेलं नाही, असं तो झाडाला म्हणाला. सावेलिनानेही झाडालाच उत्तर दिलं, की घराण्यातल्या बाईला विचारल्याशिवाय स्वयंपाकाला लावलेलंही आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तो गेला. ती रोज दुपारी स्कूटर काढून सगळं बेट ओलांडायची आणि हिहिफोच्या मुलींना शिकवायची. मुली चांगल्या होत्या. सांगितलेलं ऐकायच्या, हसऱ्या होत्या. त्यांच्यात पेलेनातिता नावाची एक उंच, शांत मुलगी होती. नेटवर हात उभे करून ती समोरचा बॉल अडवायची. सावेलिनाने त्यांना सगळं शिकवलं. फक्त असेलाची ती एक खूण तिने कुणाला सांगितली नाही. ते मी करणार नाही, असं ती रोज परतताना स्वतःशी म्हणायची.

सामन्याच्या दिवशी माताउतू या बेटाच्या मुख्य गावातल्या मैदानाभोवती अख्खं बेट लोटलं होतं. सावेलिना हिहिफोच्या बाकावर बसली तेव्हा मुआच्या बाजूने आधी शांतता पसरली आणि मग कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं. एक म्हातारी नाचत पुढे आली आणि गळ्यातली फुलांची माळ सावेलिनाच्या पायाशी टाकून गेली. लोक लोळून हसले. सावेलिनाने ती माळ उचलून बाकावर शेजारी ठेवली.

पहिला सेट मुआने घेतला, दुसरा हिहिफोने, तिसरा पुन्हा मुआने. असेला सुरेख खेळत होती. तिला तसं खेळताना बघून सावेलिनाचे हात आपोआप मांडीवर हलत होते. चौथ्या सेटच्या आधी दोन्ही संघ गोल करून उभे राहिले. मुआच्या मुलींनी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवले आणि तीन वेळा जमिनीवर टाच आपटून आरोळी दिली. ती आरोळी सावेलिनाची होती. दोरी ओवलेल्या नेटच्या दिवसांत हरलेल्या पोरींना धीर द्यायला तिने ती केली होती. आता मधोमध मिकाएले उभा होता, आणि त्याला ती आरोळी असेला शिकवत होती. पाय कुठे आपटायचा ते दाखवून, हसून. तो चुकला, ती आणखी हसली.

सावेलिनाने पेलेनातिताला जवळ बोलावलं.

"सेटरची हनुवटी बघ," ती म्हणाली. "खाली आली की बॉल मागे जाणार."

त्यानंतर जे झालं ते लोकांना आधी कळलंच नाही. असेलाने बॉल मागे दिला आणि पेलेनातिता तिथे आधीच हात उभे करून होती. बॉल आदळून खाली पडला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. असेलाने मागे देणं सोडून पुढे द्यायला सुरुवात केली, तर हिहिफोच्या मुलींना आता एकच बाजू राखायची होती. तिची बोटं अडखळायला लागली. हिहिफोच्या म्हाताऱ्या मैदानाच्या कडेला येऊन तिची नक्कल करत नाचायला लागल्या. असेलाने एकदाच हिहिफोच्या बाकाकडे पाहिलं. लहानपणी बॉल लागून रडू आलं की ती तसंच बघायची. सावेलिना जागची हलली नाही. पाचव्या सेटच्या मध्यावर मिकाएलेने असेलाला बाहेर काढलं, आणि तिच्या खांद्यावर हातही न ठेवता दुसऱ्या मुलीला आत ढकललं. हिहिफोच्या मुली जिंकल्या.

विटोलिना रडत होती. मुलींनी सावेलिनाला उचललं, पुन्हा खाली ठेवलं, तिच्या अंगावर सुगंधी पावडर उधळली. तिला आनंदाचं काहीतरी जाणवेल म्हणून ती वाट बघत राहिली.

गर्दी पांगल्यावर सावेलिना नेट गुंडाळत असताना असेला आली. पेलेनातिताने शाबासकी द्यावी तसं भोळेपणाने तिला सगळं सांगून टाकलं होतं.

"कधीपासून माहीत होतं तुला?" असेलाने विचारलं.

"तू सोळाची होतीस."

"सहा वर्षं." तिचा आवाज चढला नाही. "तू मला झोपेतून उठवून मनगट दाखवायचीस, आत्या. आणि हे सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते."

"कधी?"

सावेलिनाने नेटची दोरी हाताला गुंडाळत ठेवली. तिला सांगता आलं असतं की विसरले, की महत्त्वाचं वाटलं नाही. पण अंगणात पोर खरं बोलली होती, आणि आता तिला खोटं बोलवेना. "तुला सगळं यायला लागलं असतं तर तू माझ्याकडे राहिली नसतीस," ती म्हणाली. "असं तेव्हा मनात आणून मी ठरवलं नव्हतं. पण असणार ते तसंच."

असेलाने मान हलवली. "मी तुझ्यामागे बोलले याची मला लाज वाटत होती," ती म्हणाली. "इथे येईपर्यंत वाटत होती." आणि ती गेली.

ताहितीला जाणाऱ्या संघात असेलाचं नाव राहिलं, पण राखीव म्हणून. मिकाएलेने तिला शेवटच्या सामन्यापर्यंत बाकावर बसवून ठेवलं. संघ चौथा आला. मिकाएले ताहितीहून परस्पर नूमेआला गेला आणि पुन्हा बेटावर फिरकला नाही. असेलाही त्याच विमानाने गेली. त्याच्यासाठी नव्हे, तिकडे तिची मावशी होती म्हणून. ती एका दुकानात कामाला लागली. व्हॉलीबॉल खेळते की नाही, ते कुणी सावेलिनाला सांगितलं नाही आणि तिने कुणाला विचारलं नाही.

मुआच्या वडीलधाऱ्यांनी निरोप पाठवला. सावेलिनाने गावाची माफी मागावी. मग झालं गेलं सगळं विसरलं जाईल. विटोलिना म्हणाली, जाऊ नकोस, हिहिफोला घर बांधून देऊ. पण सावेलिनाचे आईवडील मुआच्या मातीत होते. तिने डुक्कर भाजून घेतलं, कावाचं मूळ आणि आईने विणलेली चटई घेतली आणि गावच्या सरदाराच्या घरासमोर मान खाली घालून बसली. समोर ओळीत सगळे होते. लाफाएले होता, सोसेफो होता. रीतीप्रमाणे सगळ्यांनी तिच्या बाजूने चार चांगले शब्द उच्चारले, आणि सरदाराने माफी दिली. डुकराचे वाटे झाले. मानाचा तुकडा लाफाएलेकडे गेला. त्याला तो चवीने खाताना सावेलिनाने पाहिलं. आपली माफी कोण मागणार, हे विचारायची जागा त्या सगळ्या रीतीत कुठे नव्हती.

काही महिन्यांनी लाफाएले तिच्या दारात आला. मुआच्या मुलींना कोच नव्हता. त्याने शाळेतल्या आठवणी काढल्या, हसला, आणि म्हणाला की आता जुनं काढू नये. सावेलिनाने त्याला शहाळ्याचं पाणी दिलं, त्याची आई कशी आहे विचारलं, आणि नाही म्हणाली. ती हिहिफोलाच शिकवत राहिली. गावाने माफी दिली होती, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. चर्चमध्ये तिच्या बाकावर मात्र बायका तिच्यापासून जरा दूर सरकून बसायच्या.

नाताळला सोसेफोकडे सगळं घराणं जमलं. जेवण वाढून झाल्यावर असेलाचा फोन आला. तो हातोहात फिरला. आईशी, भावंडांशी, शेजारच्या पोरांशी असेला भरभरून बोलत होती. पलीकडचं हसू सगळ्यांना ऐकू येत होतं. सावेलिना चुलीजवळ तारो सोलत होती. शेवटी सोसेफोने काही न बोलता फोन तिच्यापुढे धरला. तिने हात पुसले आणि तो घेतला.

पलीकडचं हसू थांबलं.

"आत्या," असेला म्हणाली, "तुम्ही बऱ्या आहात ना?"

बोलता यायला लागल्यापासून पोर तिला तू म्हणत आली होती. रागात, लाडात, त्या दिवशी मैदानावरसुद्धा. सरदाराशी बोलावं, चर्चमधल्या पाद्र्याशी बोलावं, तशी ती आता बोलत होती. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. मान पुरेपूर होता.

"बरी आहे," सावेलिना म्हणाली. "तुम्ही?"

"मीही बरी आहे."

तिने फोन भावाकडे परत दिला, पाट ओढून घेतला आणि उरलेले तारो सोलायला बसली.